वाहनसौख्य : चालविण्याचे आणि बाळगण्याचे

पूर्वी पत्रिका पाहताना चतुर्थ स्थानावरून वाहनसौख्य पाहिले जात असे. ज्योतिषी योग आहे की नाही एवढेच सांगत. वाहन कोणते, ते चालविणार कोण आणि मागे बसणार कोण, हा तपशील त्यांच्या कक्षेबाहेरचा होता. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या पत्रिकेत तो योग आहे. कर्ज देण्यास बँका तत्पर आहेत. अडचण उरली आहे ती तपशिलाचीच. 'सौख्य' या एका शब्दात दोन निरनिराळी सुखे सामावलेली आहेत. गाडी चालविण्याचे सुख एक आणि गाडी बाळगण्याचे सुख दुसरे. ही दोन्ही एकाच गाडीत पुरेपूर मिळतील असे नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांना गाडी एकच घ्यावयाची असते.

मी व्यवसायाने अस्थिरोगतज्ज्ञ. मोटारींचा छंद विद्यार्थिदशेपासूनचा. या दोन्ही गोष्टींमुळे बडोद्यातील अनेक सहकारी गाडी घेण्यापूर्वी माझ्याशी बोलतात. प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "चालवायला मजा आली पाहिजे, पण घरच्यांनाही सोयीची पडली पाहिजे. काय घेऊ?" त्याचे उत्तर एका गाडीचे नाव सांगून देता येत नाही. रोग्याला न तपासता औषध लिहून देण्यासारखेच ते होईल. परंतु तपासणी कशी करावी, हे मात्र सांगता येते. या लेखाचा उद्देश तेवढाच आहे.

आनंद नेमका कशाचा?

गाडी चालविण्याचा आनंद म्हणजे वेगाचा आनंद, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाते, पण त्यात बसलेला प्रवासी झोपी जातो. खरा आनंद असतो तो गाडी आणि चालक यांच्यातील संवादाचा. घोडेस्वारीतील 'मांड' हा आपला जुना शब्द येथे फार उपयोगी आहे. पक्की मांड असलेल्या स्वाराला घोड्याची चाल बदलण्यापूर्वीच ती कळते आणि घोड्याला स्वाराचा इरादा लगाम ओढण्यापूर्वीच समजतो. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ ही लहानशी, उघड्या टपाची, दोन आसनांची गाडी बाजारात आणली, तेव्हा तिच्या अभियंत्यांनी 'जिनबा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकरूप, हेच सूत्र समोर ठेवले होते. त्या गाडीचे इंजिन केवळ १.६ लिटरचे होते. तरीही दोन आसनांच्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये जगात सर्वाधिक खप तिचाच झाला.

आपल्या वैद्यकाच्या भाषेत सांगावयाचे तर हा प्रोप्रियोसेप्शनचा विषय आहे. चाकांची रस्त्यावरील पकड सैल होऊ लागली की तिची सूचना स्टीअरिंगमधून तळहाताला मिळते. गाडीचा मागचा भाग सरकू लागला तर ते प्रथम आसनातून कटिभागाला कळते. वळणावरील कल अंतर्कर्णाला जाणवतो आणि ब्रेकचा दाब पावलाला. हे सर्व निरोप मेंदूत एकत्र येतात आणि गाडीची कड आपल्याच शरीराची कड असल्यासारखी वाटू लागते. ज्या गाडीत हे निरोप स्पष्ट येतात तिला आपण 'चालवायला छान' म्हणतो. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हे लगेच पटेल. उघड्या शस्त्रक्रियेत ऊतींचा ताण बोटांना कळतो; दुर्बिणीतून करताना पडद्यावर चित्र उत्तम दिसते, परंतु तो स्पर्श बराचसा हरवतो. हायड्रॉलिक स्टीअरिंगची जागा विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या स्टीअरिंगने घेतली, तेव्हा छंदिष्टांनी नेमकी हीच तक्रार केली. नवे स्टीअरिंग हलके होते आणि त्याने इंधनही वाचले, पण पुष्कळ गाड्यांत हाताला येणारा निरोप पुसट झाला.

मांड पक्की वाटण्यासाठी गाडीत काही गुण लागतात. तिचे वजन कमी असावे, गुरुत्वमध्य जमिनीजवळ असावा, स्प्रिंगा फार मऊ नसाव्यात आणि इंजिनाने पावलाच्या सूचनेला तत्काळ प्रतिसाद द्यावा. आता बाळगण्याच्या सुखाची यादी शेजारी ठेवून पाहू. आसन उंच असावे, म्हणजे चढणे-उतरणे सोपे. गाडीचे पोट जमिनीपासून वर असावे, म्हणजे गतिरोधकावर घासणार नाही. स्प्रिंगा मऊ असाव्यात, म्हणजे मागे बसलेल्यांना खड्डे कळणार नाहीत. डिकी मोठी असावी आणि एव्हरेज चांगले मिळावे. दोन्ही याद्यांतील बहुतेक कलमे म्हणजे एकच स्क्रू उलटसुलट दिशांनी पिळण्यासारखे आहे. उंची वाढवली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी अधिक कलते. स्प्रिंग कडक केली की गाडी वळणावर स्थिर राहते, पण मागच्या आसनावरील आजींची पाठ कुरकुरते. रुंद टायर पकड देतात आणि पेट्रोल पितात. म्हणजे हा झगडा पदार्थविज्ञानाचाच आहे. कंपन्यांचा आळस किंवा ग्राहकाची हौस ही त्याची कारणे नव्हेत.

एका गाडीत सर्व काही

संस्थानिकांपुढे हा प्रश्न नव्हता. मिरवणुकीची गाडी वेगळी, शिकारीची वेगळी आणि स्वतः चालविण्याची वेगळी, अशी त्यांची सोय असे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते, ते ज्यांनी पाहिले त्यांना ही कल्पना येईल. तेथील अनेक गाड्या एकेका कामासाठीच घडविलेल्या होत्या. आपल्याला मात्र सकाळी मुलांना शाळेत सोडणारी, दुपारी रावपुऱ्याच्या गर्दीतून निघणारी, रात्री तातडीच्या शस्त्रक्रियेला नेणारी आणि दिवाळीत सहकुटुंब पुण्याला जाणारी गाडी एकच हवी असते.

दोन सुखांची ही ओढाताण पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पावागडाच्या पायथ्याशी असलेल्या हालोलच्या कारखान्याचा इतिहास पुरेसा आहे. हा कारखाना मुळात हिंदुस्थान मोटर्सचा. १९९४ साली जनरल मोटर्सने त्यांच्याशी भागीदारी केली आणि १९९६ पासून तेथे ओपेल ॲस्ट्रा तयार होऊ लागली. जड दरवाजे, घट्ट बांधणी आणि महामार्गावर न डगमगणारी चाल, यांमुळे त्या गाडीचे चाहते निर्माण झाले. २००० साली ओपेल कोर्सा आली. तिचीही ख्याती चालकाची गाडी म्हणूनच होती. परंतु मारुतीच्या तुलनेत पेट्रोल अधिक लागते आणि सुटे भाग महाग पडतात, ही कुरकुर दोघींच्याही मागे लागली. २००३ साली कंपनीने शेवरोले हे नाव आणले आणि २००६ साली ओपेल हे नाव भारतातून गेले. पुढे २००९ साली आलेल्या शेवरोले क्रूझच्या दोन लिटर डिझेल इंजिनात १५० अश्वशक्ती होती आणि त्या किमतीत तो जोर पाहून अनेक तरुण हरखून गेले. एप्रिल २०१७ मध्ये हालोलचा कारखाना बंद झाला आणि त्या वर्षअखेर कंपनीने भारतात गाड्या विकणेही थांबविले. क्रूझचे चाहते राहिले, पण नवी क्रूझ मिळण्याची वाट बंद झाली.

त्याच कारखान्यातून २०१९ पासून एमजीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. एमजी म्हणजे ऑक्सफर्डचे मॉरिस गॅरेजेस. १९२० च्या दशकात जन्मलेले हे नाव लहान, चपळ स्पोर्ट्स गाड्यांसाठी जगभर प्रसिद्ध झाले. १९६२ ते १९८० या काळात त्यांनी एमजीबी या गाडीच्या पाच लाखांहून अधिक प्रती तयार केल्या. तरीही १९८० साली ॲबिंग्डनचा त्यांचा मूळ कारखाना बंद पडला. पुढे ते नाव चिनी मालकीकडे गेले आणि हालोलला आले ते हेक्टरसारख्या ऐसपैस कौटुंबिक गाडीवर बसून. २०२४ साली आलेल्या विंडसर या विजेच्या गाडीची जाहिरात झाली ती मागच्या आसनाच्या आरामासाठी. २०२५ मध्ये कंपनीने सायबरस्टर ही उघड्या टपाची दोन आसनी गाडी भारतात विकावयास घेतली खरी, पण ती परदेशातून तयार येते. हालोलच्या साखळीवर कुटुंबाची गाडी आणि बोटीतून हौसेची गाडी, ही वाटणी पुरेशी बोलकी आहे.

होंडा सिटीचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. पहिल्या पिढीतील सिटीला २००० साली मिळालेले दीड लिटरचे व्हीटेक इंजिन १०६ अश्वशक्तीचे होते. आमच्या पिढीतील कित्येकांनी त्या गाडीचे स्वप्न पाहिले. २००३ साली नवी सिटी आली. ती आतून अधिक प्रशस्त होती, एव्हरेज चांगले देत होती. मात्र दीड लिटरच्याच नव्या इंजिनाची ताकद ७७ अश्वशक्तीवर आली होती. चाहते हळहळले आणि गाडी उत्तम खपली. विशेष म्हणजे २००८ च्या तिसऱ्या पिढीत त्याच आकाराच्या इंजिनातून ११० हून अधिक अश्वशक्ती मिळू लागली आणि प्रशस्तपणाही टिकला. तात्पर्य, तंत्रज्ञान पुढे सरकते तशी दोन सुखांमधील दरी अरुंद होते. नाहीशी होत नाही.

आनंदाचा सुरक्षिततेशी संबंध

आता एका महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. चालविण्याचा आनंद ही निव्वळ चैन आहे आणि उपयुक्तता ही जबाबदारी आहे, अशी विभागणी घराघरांत केली जाते. ती मला मान्य नाही. ज्या गुणांमुळे गाडी चालवायला आवडते त्यांपैकी काही गुण जीव वाचविणारे असतात. एकाएकी गाय समोर आली असता गाडी न कलंडता बाजूला काढता येणे, ब्रेक दाबल्यावर तो किती लागला हे पावलाला अचूक कळणे, बाहेरचे स्पष्ट दिसणे, आसनाने शरीर धरून ठेवणे, या गोष्टी छंदिष्टाला प्रिय आहेत आणि त्याच्या कुटुंबाला आवश्यक आहेत. उंच गाडीत बसले की सुरक्षित वाटते. परंतु उंच गुरुत्वमध्य हा अचानक वळावे लागल्यास तोट्याचा असतो, हे विसरता कामा नये.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. अश्वशक्ती ब्रेकचे अंतर कमी करीत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे सरकते. चालकाच्या प्रतिक्रियेस एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरले, तर ती थांबण्यास सुमारे ७६ मीटर लागतात. वेग १२० केला तर हेच अंतर १०० मीटरच्या पुढे जाते. कारण ब्रेक लागल्यानंतर कापले जाणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर वेगाची चटक लागते, त्या वेळी हे गणित आठवावे. माझ्या टेबलावर येणाऱ्या मांडीच्या हाडांच्या चुऱ्यामागे बहुतेक वेळा हे वर्गाचे गणितच असते.

गाडीच्या नावावरून तिच्या सुरक्षिततेचा अंदाज बांधू नये. २०१४ साली ग्लोबल एनसीएपी या संस्थेने भारतीय बाजारातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांची धडक-चाचणी घेतली. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांत चालविणाऱ्यांची लाडकी फोक्सवॅगन पोलोही होती. त्याच पोलोला दोन एअरबॅग बसविल्यावर चार तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे. प्रौढ प्रवासी आणि मुले यांचे गुण त्यात वेगवेगळे दिलेले असतात. लहान मुले असलेल्यांनी दुसरा आकडा अवश्य पाहावा.

फेऱ्यांची नोंदवही

कोणत्याही निदानाची सुरुवात हिस्ट्रीने होते. म्हणून सल्ला मागणाऱ्यास मी प्रथम एक महिनाभर प्रत्येक फेरीची नोंद करावयास सांगतो : कोठे, किती किलोमीटर, कोण बरोबर, गाडी कोणी चालविली. मी स्वतः अशी नोंद ठेवली. महिन्यात ७५ फेऱ्या झाल्या. त्यांपैकी ६५ गावातल्या होत्या, सरासरी पाच किलोमीटरच्या. सहा फेऱ्या रात्री-अपरात्री रुग्णालयात जाण्यायेण्याच्या होत्या. उरलेल्या चार बाहेरगावच्या : सुरत, अहमदाबाद, पावागड आणि डभोई. किलोमीटर मोजले तर गावातले ३६० च्या आसपास आणि बाहेरचे सुमारे ६८०. म्हणजे फेऱ्या मोजल्या तर मी शहरी चालक आणि किलोमीटर मोजले तर महामार्गावरचा चालक! दोन्ही खरे आहे. गाडी निवडताना लोक बहुधा त्या चार फेऱ्या डोळ्यांसमोर ठेवतात आणि नंतर त्या ६५ फेऱ्यांमध्ये कंटाळतात.

एका तरुण सहकाऱ्याची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. त्याचा जीव एका बुटक्या, चपळ, हाताने गियर बदलावयाच्या सेडानवर जडला होता. घरी गुडघ्याचा सांधा बदललेले वडील, चार वर्षांची मुलगी आणि स्वतःही रुग्णालयात नोकरी करणारी पत्नी. "सर, दिवसभर मी सगळ्यांचं ऐकतो. रात्री घरी जातानाची वीस मिनिटं तेवढी माझी असतात. त्यासाठी गाडी मागितली, तर मी स्वार्थी ठरतो का?" असे त्याने विचारले. या प्रश्नात गाडीपेक्षा अधिक काही होते, हे आपणा सर्वांना कळेल. आपला व्यवसाय माणसाला पिळून काढतो. ज्या वीस मिनिटांत हात, पाय, डोळे एका कामात रमतात आणि डोक्यातील रुग्ण थोडे मागे सरतात, त्या वीस मिनिटांना मी चैन म्हणणार नाही. मी त्याला म्हटले, "अरे, मागण्यात काही गैर नाही. फक्त ते स्वतःच्या नावाने माग. डिकी मोठी आहे, एव्हरेज चांगलं आहे, अशा सबबी घरी सांगू नकोस. मला ती चालवायला आवडते, हे यादीतलं एक कलम म्हणून लिही आणि बाकीच्या कलमांच्या शेजारी ठेव."

त्याने नोंद ठेवली. वीस मिनिटांची रात्रीची फेरी आठवड्यातून पाच वेळा होती. वडिलांना घेऊन जाण्याच्या फेऱ्या आठवड्याला दोन. मग मी त्याला वडिलांसह शोरूममध्ये जावयास सांगितले. सेडानमध्ये ते बसले सहज, पण उठताना दोघांचा आधार लागला. हे अपेक्षितच होते. आसन गुडघ्यापेक्षा खाली असले की उठताना गुडघा व खुबा यांवर मोठा भार येतो. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना तर आपण बुटक्या आसनांची मनाईच करतो. आसनाची उंची माणसाच्या मांडीच्या उंचीजवळ असावी, म्हणजे आत शिरताना उतरावे लागत नाही आणि बाहेर येताना चढावे लागत नाही. फार उंच गाडीही म्हाताऱ्या माणसाला तितकीच जाचक ठरते, हे मोठ्या एसयूव्ही घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अलीकडे एकाच सांगाड्यावर आणि त्याच इंजिनांसह सेडान आणि थोडी उंच एसयूव्ही, अशा बहिणी-बहिणी निघतात. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडाच्या कुशाक आणि स्लाव्हिया, फोक्सवॅगनच्या टायगुन आणि व्हर्टस, ही त्याची उदाहरणे. अशा दोन बहिणी लागोपाठ चालवून पाहिल्या की उंचीची किंमत नेमकी किती, हे अंगाला कळते. सहकाऱ्याने तसेच केले आणि अशा जोडीतील उंच बहीण घेतली. गियर मात्र हाताचे घेतले, कारण पत्नीलाही तेच आवडत होते. "मजा गेली नाही, थोडी कमी झाली," असे तो सांगतो. वडील आता एकटे उतरतात.

शरीराविषयी आणखी दोन सूचना. रावपुरा-मांडवीच्या गर्दीत डाव्या पायाने शेकडो वेळा क्लच दाबावा लागतो. ज्यांचा डावा गुडघा कुरकुरतो त्यांनी स्वयंचलित गियरची गाडी घ्यावी. त्यात कमीपणा मानू नये. दुसरे, साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या तरुणाच्या सुमारे एक तृतीयांश असतो. म्हणून रात्री बाहेर पडणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी गाडीचे दिवे रात्रीच पाहावेत. भर दुपारच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये त्यांची परीक्षा होत नाही.

विश्वामित्रीची परीक्षा

बडोदेकरांस आणखी एक कसोटी आहे. २०१९ च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपण तिचा अनुभव घेतला. २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली आणि तळघरांत, सोसायट्यांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. अशा पुरापुढे ग्राउंड क्लिअरन्सचे चार-दोन सेंटिमीटर निरुपयोगी असतात. मात्र गुडघाभर पाण्यात ते आणि हवा आत घेणाऱ्या नळीची उंची महत्त्वाची ठरते.

बुडालेल्या गाडीला काय होते, ते आपल्याला सहज कळेल. तो ॲस्पिरेशनचाच प्रकार आहे. इंजिन श्वासावाटे पाणी आत ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली किंवा पाण्यात उभी राहिलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये. ती ओढून न्यावी आणि इंजिनातील पाणी काढल्यावरच किल्ली फिरवावी. साध्या विम्यात हे नुकसान पुष्कळदा बसत नाही. इंजिनाच्या संरक्षणाचे जादा कलम विचारून घ्यावे. विजेच्या गाडीत सिलिंडर नसल्यामुळे हा विशिष्ट धोका नाही, परंतु बॅटरी व जोडण्या यांत पाणी शिरल्यास खर्च मोठा असतो. ज्यांचे वाहनतळ तळघरात आहे त्यांनी गाडीच्या निवडीइतकाच तिच्या जागेचाही विचार करावा.

आनंदाची किंमत

शेवटी हिशेब. समजा, वर्षाला १२,००० किलोमीटर होतात. एक गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि दुसरी, अधिक जोराची, १२ देते. पहिलीला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागेल, दुसरीला १,०००. लिटरला ९५ रुपये धरले, तर वर्षाचा फरक सुमारे ३१,६०० रुपये, म्हणजे दिवसाला ८७ रुपये. हा आकडा पाहून कोणी म्हणेल की एवढ्यात वीस मिनिटांचा आनंद स्वस्त आहे. कोणी म्हणेल की महाग आहे. दोघेही बरोबर. आकडा न मांडता भांडणे मात्र व्यर्थ आहे.

पेट्रोलपेक्षा मोठा खर्च असतो तो गाडी अनाथ होण्याचा. जनरल मोटर्सनंतर २०२१ साली फोर्डनेही भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले आणि आपल्या गुजरातेतील साणंदचा त्यांचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. फोर्डची आयकॉन आणि फिएस्टा, फियाटची पॅलिओ, ओपेलची ॲस्ट्रा, या सर्व चालकांच्या गाड्या. त्यांच्या कंपन्यांनी आपला बाजार सोडला. याचा अर्थ चांगली चालणारी गाडी घेऊ नये, असा नाही. गावात तिची दुरुस्ती जाणणारे निदान दोन ठिकाणी आहेत का, तिचे इंजिन दुसऱ्या गाड्यांतही बसते का, एवढे पाहून घ्यावे. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातील १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती आणि टाटा यांच्याही गाड्यांत बसत होते. त्यामुळे फियाट गेली तरी त्या इंजिनाचे जाणकार गल्लोगल्ली राहिले.

आणि मात्रेचे भान ठेवावे. बडोद्यात ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पलीकडे जाण्याची संधी क्वचित मिळते. दोनशे अश्वशक्तीची गाडी तेथे बांधून घातलेल्या बैलासारखी उभी राहते. याउलट हलकी, लहान, चटकन वळणारी गाडी त्याच वेगात पुरेपूर वापरता येते, कायदा मोडावा लागत नाही आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानाशेजारी जागाही मिळते. २००५ साली आलेली स्विफ्ट एवढी लोकप्रिय का झाली, याचे एक कारण हेच असावे. चालविण्याचा आनंद परवडत नाही असे म्हणणारे पुष्कळदा अश्वशक्तीची किंमत मोजत असतात. मांडीला एवढी अश्वशक्ती लागत नाही.

आपण रुग्णाला आधी पथ्य सांगतो आणि त्याच्या चौकटीत आवडीचे खाण्यास मुभा देतो. गाडीच्या बाबतीत सुरक्षितता, घरातील प्रत्येकाच्या शरीराला मानवणे आणि दहा वर्षे दुरुस्ती मिळण्याची खात्री, ही तीन पथ्ये समजावीत. त्यांत तडजोड नको. ती पाळून ज्या तीन-चार गाड्या उरतील, त्यांतून आपल्याला चालविण्यास आवडेल ती नि:संकोच घ्यावी. तिच्यासाठी थोडे अधिक पैसे गेले, तर घरच्या हिशेबाच्या वहीत ते 'आनंद' या सदराखाली लिहावेत. मात्र गाडी रोज ड्रायव्हरच चालविणार असेल, तर ते सदर वहीतून काढून टाकावे आणि मागचे आसन चांगले पाहावे.